शिखरराणीचं कुळ

त्या बेटावरच्या माणसाला दोन गोष्टी झोपेतून उठवलं तरी सांगता येतात. एक, स्वतःचं नाव. दोन, आपलं घराणं कितव्या बोटीतून आलं. पहिल्या बोटीचे लोक टेकडीवर राहतात, त्यांच्या खिडक्यांतून समुद्र दिसतो. दुसऱ्या बोटीचे लोक उतारावर राहतात, त्यांच्या खिडक्यांतून पहिल्या बोटीवाल्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. त्यानंतरच्या बोटी कुणी मोजल्याच नाहीत. ते सगळे धक्क्याजवळ, एकावर एक रचलेल्या खोल्यांत, आणि त्या सगळ्यांना मिळून एकच नाव: नव्या बोटीचे.

कुसळ नव्या बोटीची. ती आणि तिचे आईबाबा दोन वर्षांपूर्वी आले, आठवड्यातून तीनदा येते त्या साध्या फेरीबोटीने, रीतसर तिकीट काढून. बाबा आता त्याच फेरीबोटीच्या इंजिनावर होते आणि घरी आले की डिझेलच्या वासासकट झोपायचे. कुसळ हे काही तिचं खरं नाव नव्हे. शाळेत पहिल्याच आठवड्यात तिने भूगोलाच्या सरांना एका तासात सात वेळा 'पण का?' विचारलं, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "ही म्हणजे मोज्यातलं कुसळ आहे. टोचते आणि निघत नाही." वर्ग हसला. कुसळने घरी येऊन तासभर उशीत तोंड खुपसलं. मग आरशासमोर उभं राहून तिने ते नाव दोन-चारदा उच्चारून पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की टोचणं आणि न निघणं यांत लाज वाटण्यासारखं काही नाही. नववीत गेल्यावर तर ती वहीवरसुद्धा तेच लिहायला लागली.

आई संग्रहालयात कामाला होती, मागच्या लांबट खोलीत, जिथे वाळवलेल्या वनस्पती ठेवतात. काम असं: वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली फांदी घ्यायची, जाड पांढऱ्या कागदावर ती मांडायची, पानं एक सुलटं, एक उलटं दिसेल अशी, आणि खळ लावून चिकटवायची. जाड देठ असेल तर वरून कागदाची पट्टी लावायची किंवा दोऱ्याने टाका घालायचा. उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: नाव, सापडल्याचं ठिकाण, तारीख, आणणाऱ्याचं नाव. वर एक कागदी पुडी.

या कामाचे दोन नियम होते आणि आईने ते कुसळला पाढ्यांसारखे शिकवले होते. पहिला, सुटं पडेल ते फेकायचं नाही. गळलेलं पान असो, बी असो, सगळं पुडीत. दुसरा, चिठ्ठी कधी काढायची नाही. आधीचा माणूस चुकला असं वाटलं तर त्याच्या चिठ्ठीला हात लावायचा नाही, शेजारी आपली नवी लावायची, तारीख घालून. एका कागदावर तर पाच तज्ज्ञांच्या पाच चिठ्ठ्या होत्या आणि ते पाच जण ऐंशी वर्षं एकमेकांशी अत्यंत सभ्यपणे भांडत होते. खळसुद्धा मुद्दाम पाण्याने सुटणारीच वापरायची. उद्या कुणाला फांदी उलटून पाहावीशी वाटली तर? आई म्हणायची, पक्का गोंद वापरतो तो माणूस स्वतःवर फारच खूश असतो.

पक्क्या गोंदाची माणसं म्हटल्यावर अध्यक्षीणबाई आल्याच. त्या संग्रहालयाच्या समितीच्या अध्यक्ष. पहिल्या बोटीच्या, आणि पहिल्या बोटीतही पुढच्या टोकाला बसलेल्या घराण्यातल्या, म्हणजे बोट किनाऱ्याला लागली तेव्हा त्यांचे पणजोबा इतरांपेक्षा अंदाजे चार पावलं आधी बेटावर पोहोचले. ती चार पावलं त्यांचं घराणं अजून चालत होतं. आईची नोकरी हंगामी होती. दर तीन महिन्यांनी तिचा हंगाम संपायचा आणि बाईंच्या सहीने पुन्हा सुरू व्हायचा. बाईंच्या खाली संग्रहपाल होते, फार शिकलेले, फार घाबरट. त्यांना सगळे पाठीमागे होयबा म्हणत. पुढूनही म्हटलं असतं तर ते 'हो' म्हणाले असते.

आता शिखरराणी. बेटाच्या मधोमध जो जुना, थंड झालेला ज्वालामुखी आहे, त्याच्या शिखराजवळ ही झाडं वाढतात. दोन पुरुष उंच, खोड लाकडी, आणि त्यावर सूर्यफुलाच्या लहान बहिणीसारखी पिवळी फुलं. जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. साहजिकच पहिल्या बोटीच्या लोकांनी तिला आपल्यातलीच मानलं होतं. बाईंच्या ओठांवर एक वाक्य कायम तयार असे: "शिखरराणी कुठून आली नाही. ती इथलीच."

तर बाईंनी ठरवलं की संग्रहालयाच्या अंगणात शिखरराणीचं दालन करायचं. उघडं दालन, मधून अरुंद फरसबंद वाट, दोन्ही बाजूंना शिखरराणीची रोपं आणि वाटेच्या टोकाला मोठी पाटी. माळीकाकांनी शिखरावरून बी आणून कुंड्यांत रोपं वाढवली. पण बेटाची माती खडबडीत, काळ्या दगडाची. बाईंना ती राणीच्या मानाने हलकी वाटली. मग होयबांनी पलीकडून, म्हणजे मुख्य भूमीवरून, चाळीस पोती उत्तम मऊ माती मागवली. जी कुठूनही आली नाही अशा झाडासाठी माती फेरीबोटीतून आली, आणि ती उतरवताना बाबांचा खांदा दुखावला.

माळीकाकांनी त्या मातीत रोपं लावली आणि प्रत्येकापाशी एक काडी खोचली, काडीला चिठ्ठी. पंधरा दिवसांनी बाई पाहणीला आल्या. काड्या बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. म्हणाल्या, ही काय भाजी लावली आहे का, काड्या कसल्या? काड्या निघाल्या. अजून पंधरा दिवसांनी बाई पुन्हा आल्या तेव्हा वाफ्यात दोन प्रकार दिसत होते. काही रोपं वीतभरसुद्धा नव्हती, तोंड पाडून बसलेली. काही चांगली गुडघ्याला लागतील अशी. पानं मात्र दोन्हींची हुबेहूब सारखी, तीन-तीन बोटांची. बाईंनी छत्रीचं टोक रोखलं.

"ही मरतुकडी उपटा. खानदानी कोण ते मला चिठ्ठीशिवाय कळतं."

माळीकाकांनी तोंड उघडलं, होयबांकडे पाहिलं आणि मिटलं. संध्याकाळी आईच्या खोलीत चहा पिताना ते पुटपुटले की मला काय, बाई म्हणाल्या उपट, मी उपटलं, हत्यारांच्या खोलीमागे पालापाचोळ्याच्या ढिगावर टाकलं. आईच्या हातातली पट्टी क्षणभर थांबली. कुसळ तिथेच गृहपाठ करत होती, पण त्या दिवशी तिचं डोकं दुसरीकडे होतं.

डोकं होतं पाटीत. त्या पाटीचा मजकूर शाळेतल्या मुलांनी लिहायचा अशी स्पर्धा निघाली होती. ज्याचा उत्तम, त्याचा मजकूर मोठ्या अक्षरांत पाटीवर, कायमचा. कुसळला आयुष्यात कशाचंही इतकं वेड लागलं नव्हतं. नव्या बोटीच्या माणसाचं एकही अक्षर त्या बेटावर कुठे लावलेलं नव्हतं, 'येथे मासे साफ करू नयेत' ही धक्क्यावरची सूचना सोडली तर, आणि तीही नव्या बोटीवाल्यांना उद्देशूनच होती.

तिने आईचं कपाट उपसलं. एका कागदावर शिखरराणीचं बी होतं, गुळगुळीत, बोथट, भाताच्या दाण्यासारखं साधं. दुसऱ्या कागदावर चिकटी नावाचं पलीकडचं तण होतं. चिकटी कुणाला माहीत नाही? पलीकडे रस्त्याकडेला, सायकलींच्या मागे, पडक्या भिंतींपाशी उगवते, गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंच, पिवळी फुलं. तिच्या बीला वरच्या टोकाला दोन आकडे असतात, उलट्या काट्यांचे. अंगाला घासलं की घरापर्यंत सोबत येतं. आईने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि सांगितलं की फुलाची घडण बघ, कोवळी पानं बघ, मग मला काय वाटतं ते विचारूच नकोस.

कुसळने आठ दिवस वाचलं, नवव्या दिवशी लिहिलं. समुद्रातून वर आलेला नुसता तापलेला दगड. मग कधीतरी, काही लाख वर्षांपूर्वी, पलीकडून एक समुद्रपक्षी आला आणि त्याच्या पिसांत चिकटीचं बी होतं. बी पडलं, उगवलं. इथे त्याला खाणारं जनावर नाही, त्याच्यावर सावली धरणारं झाड नाही. हळूहळू तण उंच झालं, खोड लाकडी झालं. आणि आकडे? ज्यांना चांगले आकडे होते ती बियाणी पुन्हा पक्ष्यांना चिकटली, उडाली आणि बहुतेक समुद्रात बुडाली. जी धड चिकटूही शकली नाहीत, ती आईझाडाच्या पायाशीच पडली आणि तगली. पिढ्यान् पिढ्या. म्हणजे आजची शिखरराणी ही ज्यांना कुठे जायला जमलं नाही त्यांची वंशज. हे शेवटचं वाक्य कुसळने स्वतःच खोडलं. टेकडीवरच्यांनी ते स्वतःवर घेतलं असतं, आणि बरोबरच घेतलं असतं.

पण एक वाक्य तिने ठेवलं. ते तिचं लाडकं वाक्य होतं: 'शिखरराणीची पूर्वज म्हणजे पलीकडचं चिकटी हे तण, आणि ते इथे एका पक्ष्याच्या पार्श्वभागाला चिकटून आलं.'

निवड पाहुण्या प्राध्यापकबाईंनी केली. त्या पलीकडच्या विद्यापीठात वनस्पती शिकवत, उद्घाटनालाही त्याच येणार होत्या. त्यांनी नावं न बघता मजकूर निवडला तो कुसळचा. पाटी रंगून आली. मग बाईंनी ती वाचली.

कुसळला आणि आईला बोलावणं आलं. बाईंच्या खोलीत भिंतीवर पणजोबांचं चित्र होतं, एक पाय बोटीत, एक पाय किनाऱ्यावर, नजर लांब, जणू पाटीच वाचत आहेत. बाईंनी आवाज चढवला नाही. पहिल्या बोटीचे लोक आवाज चढवत नाहीत, त्यांना तशी गरज पडलेली नसते. त्यांनी एवढंच सांगितलं की बाकी मजकूर गोड आहे, ते एक वाक्य जायला हवं.

होयबांनी मध्यममार्ग काढायचा प्रयत्न केला. 'तण' ऐवजी 'वनस्पतीकुल' चालेल का. 'चिकटून' ऐवजी 'आरूढ होऊन'. आणि 'पार्श्वभाग' तर शास्त्रीयदृष्ट्याही, म्हणजे, बी बहुधा छातीच्या पिसांत अडकतं.

"पक्षी जमिनीवर बसतो तो छातीवर बसतो का?" कुसळने विचारलं.

होयबा सवयीने 'हो' म्हणाले आणि लगेच खोकले.

बाईंनी कुसळकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "शिखरराणी इथलीच आहे," त्या म्हणाल्या.

"पण आधी इथे नुसता दगड होता."

"मग दगडातून उगवली."

"आणि दगडावर पडलं कुठून बी?"

"ते शोधायला आमच्या घराण्याला कधी गरज पडली नाही." बाईंनी खुर्ची आईकडे वळवली. म्हणाल्या, पुढच्या महिन्यात तुमचा हंगाम संपतोय, यंदा तुम्हाला कायम करण्याचा विचार होता. एवढं बोलून त्या थांबल्या आणि पणजोबांच्या चित्राकडे पाहू लागल्या. मग म्हणाल्या, त्या वाक्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून टाका, तुमचा हात त्यात बसलेलाच आहे.

घरी जाताना कुसळ आईच्या दहा पावलं पुढे चालली. तिला वाटलं होतं आई नाही म्हणेल. चिठ्ठी काढायची नाही, झाकायची नाही, हे सगळं दोन वर्षं ऐकवणारी आई दुसऱ्या दिवशी दुपारी पाटीसमोर स्टूल घेऊन बसली आणि तिने ते वाक्य पांढऱ्या पट्टीने सफाईने झाकलं. एक सुरकुती नाही. कुसळ मागे हाताची घडी घालून उभी होती.

"तूसुद्धा," कुसळ म्हणाली.

आईने ब्रश वाटीत बुडवून धुतला. "खळ कुठली वापरली ते बघितलंस?"

कुसळने बघितलं नव्हतं. तिला बघायचंही नव्हतं. ती पाय आपटत रोपांमधून निघाली आणि सरळ घरी येऊन पायऱ्यांवर मोजे काढायला बसली. आणि मोज्यांवरच तिची नजर खिळली.

मोज्यांना अकरा बिया चिकटल्या होत्या. काळ्या, लांबट, आणि प्रत्येकीच्या टोकाला दोन आकडे.

अंगणातली ती खानदानी रोपं पाच महिन्यांत कमरेपर्यंत आली होती आणि फुलून, बी धरूनही मोकळी झाली होती. बाईंनी याचं श्रेय आपल्या हातगुणाला दिलं होतं. शिखरराणीला फुलायला सात-आठ वर्षं लागतात हे सगळ्या संग्रहालयाला ठाऊक होतं, पण बाईंसमोर आठवत नव्हतं. पोत्यांतली माती, पोत्यांतलं तण, उपटलेली मरतुकडी, काढलेल्या काड्या. कुसळच्या डोक्यात सगळं खटाखट एका ओळीत बसलं आणि ती एकटीच पायरीवर इतकी हसली की खालच्या मजल्यावरच्या काकू बाहेर आल्या.

ती मोजे हातात घेऊन अनवाणी संग्रहालयात पळाली. उद्घाटनाला दोन दिवस होते. होयबांनी बी भिंगाखाली धरलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते शिकलेले होते, त्यांना एका नजरेत कळलं. बराच वेळ ते नुसते भिंगातून बघत राहिले, जणू आकडे आपणहून गळून पडतील.

"उद्घाटन झालं की बघू," ते शेवटी म्हणाले.

कुसळने विचारलं की तोवर हे बी सगळ्यांच्या कपड्यांना चिकटून टेकडीवर जाईल, त्याचं काय. होयबा म्हणाले, पाहुण्यांना चहा आत ठेवू. या उत्तराचा प्रश्नाशी काय संबंध होता ते कुसळला आजतागायत कळलेलं नाही.

मग तिने आईला सांगितलं, कारण रागावलेलं असलं तरी आईच असते. आईने अकरा बिया मोजून पुडीत घातल्या, वर तारीख लिहिली. मग तिने कपाटातून बारीक दातांचा कंगवा काढला, चिमटा काढला, आणि रिकाम्या पुड्यांचा एक गठ्ठा. एवढ्या पुड्या कशाला, असं कुसळने विचारलं. आई म्हणाली, पाहुणे किती आहेत?

उद्घाटनाचा दिवस स्वच्छ होता आणि वारा टेकडीच्या दिशेने वाहत होता. अध्यक्षीणबाईंनी लोकरीची शाल घेतली होती, जमिनीला टेकेल एवढी लांब. ती पणजीची होती, पहिल्या बोटीतली. चिकटीच्या दृष्टीने पाहिलं तर याहून चांगली शाल विणली गेलेली नाही. प्राध्यापकबाई साध्या पँटमध्ये आल्या होत्या, पायांत गमबूट. वाट अरुंद होती, माणसं साठेक होती, आणि दोन्ही बाजूंची खानदानी रोपं प्रत्येकाला प्रेमाने अंग घासत होती.

बाईंनी वाटेच्या टोकाला भाषण केलं. त्यात पणजोबा दोनदा उतरले. मग त्यांनी हात पसरून रोपं दाखवली.

"किती महिन्यांची?" प्राध्यापकबाईंनी विचारलं.

"अवघ्या पाच."

"आणि फुलली?"

"आमच्याकडे कुणी वेळ दवडत नाही," बाई म्हणाल्या. लोक हसले.

प्राध्यापकबाई हसल्या नाहीत. त्यांनी बाईंच्या खांद्यावरून काहीतरी चिमटीत उचललं, धूळ झटकावी तसं, आणि तळहातावर ठेवून सगळ्यांना दिसेल असं धरलं. "शिखरराणीच्या बीला आकडे नसतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "ही चिकटी आहे. आमच्या विद्यापीठात सायकली लावतात ना, त्याच्या मागे वाढते."

धक्क्यावरच्या फेरीबोटीचं इंजिन अंगणात स्पष्ट ऐकू आलं. बाईंनी होयबांकडे पाहिलं. होयबा पाटीकडे पाहत होते. कुसळला एकदम कळलं की आता कुणाच्या तरी माथी हे मारलं जाणार, आणि माळीकाका टोपी काढून तयारच उभे होते.

पण बाई पुढच्या टोकाला बसणाऱ्या घराण्यातल्या होत्या. बुडत्या बोटीतूनही आधी उतरायचं कसब त्यांच्या रक्तात होतं.

"अर्थात चिकटी आहे," त्या म्हणाल्या. "मुद्दामच लावली आहे. शिखरराणीचं कुळ लोकांना कळावं म्हणून. आधी पूर्वज, मग वंशज."

"पूर्वज?" प्राध्यापकबाईंच्या भुवया वर गेल्या.

"पाटीवर लिहिलं आहे सगळं."

साठ माना पाटीकडे वळल्या. पाटीवर सगळं होतं आणि मधोमध, नेमक्या त्याच जागी, एक पांढरी पट्टी होती.

"मी निवडलेल्या मजकुरात इथे एक वाक्य होतं," प्राध्यापकबाई म्हणाल्या.

बाईंनी आईकडे नजर टाकली. ती नजर आईला दोन वर्षं माहीत होती, पण आज पहिल्यांदा त्या नजरेत हुकूम नव्हता, विनवणी होती. "बाई, ती पट्टी तुम्ही धूळ बसू नये म्हणून लावली होती ना?"

आईने एक क्षण घेतला. कुसळच्या मते तो क्षण चांगला लांब होता आणि आईने तो चवीने घेतला. मग आई म्हणाली, "हो, तात्पुरतीच आहे." तिने एप्रनच्या खिशातून ओला स्पंज काढला, जो तिच्या खिशात कायम असतो, पट्टीवरून तो दोनदा फिरवला आणि एका टोकाला धरून पट्टी अलगद ओढली. खाली रंगाचा टवकाही उडाला नव्हता. कुसळला आत्ता कुठे कळलं की आईने तिला काय बघायला सांगितलं होतं.

प्राध्यापकबाईंनी वाक्य मोठ्याने वाचलं, 'पार्श्वभागाला' या शब्दावर अजिबात न अडखळता. कुणीतरी फिसकन हसलं. मग अख्खं अंगण हसलं, उतारावरचे जरा जास्तच.

"कुणी लिहिलं आहे?"

"आमच्याच बेटाची मुलगी आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कुसळच्या खांद्यावर हात ठेवला.

आमच्याच बेटाची. पलीकडची ते इथलीच, एका श्वासात. याच प्रवासाला शिखरराणीला काही लाख वर्षं लागली होती. कुसळला हसू आलं, आणि हसता हसता तिने खांद्यावरच्या त्या हाताकडे पाहिलं. बाहीला तीन बिया होत्या.

प्राध्यापकबाईंनी मग खरी रोपं कुठे आहेत विचारलं. माळीकाका त्यांना हत्यारांच्या खोलीमागे घेऊन गेले, कुसळही मागोमाग. पालापाचोळ्याच्या ढिगावर फेकलेल्यांतली बाकी सगळी सुकली होती. एक जगलं होतं. वीतभर, वाकडं, ढिगाच्या कडेला काळ्या खडबडीत मातीत घट्ट बसलेलं. प्राध्यापकबाई चिखलात गुडघे टेकून त्याच्याकडे बघत बसल्या. माळीकाकांनी खिशातून एक काडी काढून शेजारी खोचली. चिठ्ठी तीच, जुनी. त्यांनी ती फेकली नव्हती.

परत आल्यावर प्राध्यापकबाईंनी फर्मान काढलं की अंग साफ केल्याशिवाय कुणीही फाटकाबाहेर जायचं नाही, नाहीतर दोन वर्षांत टेकडी चिकटीने भरेल आणि शिखराकडे सरकेल. मग फाटकापाशी रांग लागली. आई स्टुलावर, हातात कंगवा आणि चिमटा. कुसळ शेजारी, हातात पेन आणि पुड्यांचा गठ्ठा. मानाप्रमाणे पहिला नंबर अध्यक्षीणबाईंचा. त्या दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या, चित्रातल्या पणजोबांसारख्या, फक्त नजर लांब नव्हती. आई शालीभोवती फिरत एकेक बी उचलत होती आणि मोजत होती. एकशे सेहेचाळीस झाल्या.

कुसळने पुडीवर चिठ्ठी लिहायला घेतली. नाव: चिकटी. तारीख. आणणाऱ्याचं नाव: इथे तिने कुसळ असं लिहिलं. राहिलं ठिकाण. तिने आईला विचारलं की बहुतेक कुठे होत्या. आई शास्त्रशुद्ध बोलली. कुसळने जसंच्या तसं लिहिलं: 'अध्यक्षीणबाईंची शाल, मागची बाजू, कमरेखाली.'

बाईंनी मान वळवून वाचलं. "हे लिहायलाच हवं का?"

"ठिकाण लिहावंच लागतं, बाई," आई म्हणाली.

"नंतर काढता येईल?"

"चिठ्ठी काढायची नसते. आपल्याला पटलं नाही तर शेजारी दुसरी लावायची, तारीख घालून."

पाटी अजून तिथे आहे, वाक्यासकट. खाली बारीक अक्षरांत 'संकल्पना' म्हणून अध्यक्षीणबाईंचं नाव आलं आहे, कुसळचं त्याच्याही खाली आहे. आईचा हंगाम पुन्हा तीन महिन्यांसाठी सुरू झाला. कायम करण्याचा विषय पणजोबांच्या चित्राखाली कुठेतरी पडून आहे. ती पुडी मात्र जाड पांढऱ्या कागदावर लागून कपाटात गेली, चिकटीच्या खणात.

परवा कुसळने तो कागद बाहेर काढून पाहिला. तिच्या चिठ्ठीशेजारी एक नवी चिठ्ठी होती, होयबांच्या सुबक अक्षरात, बाईंच्या सहीची, तारीख घातलेली. चिकटी की शिखरराणी, पलीकडची की इथली, यावर बाईंचा काहीच आक्षेप नव्हता. एवढंच लिहिलं होतं: 'ठिकाणाबाबत दुरुस्ती. कमरेच्या वर.'